चाकाचा माथा

लक्ष्मणकाकांनी आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, सरणासाठी पाठवलेली लाकडे माझ्या भावाने, बन्सीने, गाडीसकट परत पाठवली. गाडी आळीच्या तोंडाशी आली होती. बन्सी अनवाणी पुढे गेला, बैलाच्या वेसणीला हात घातला आणि गाडी वळवली. गाडीवानाने एकदा आमच्या दाराकडे पाहिले आणि तो निघून गेला. चिंचवडात कोणाकडेही माणूस गेले की लाकडे लक्ष्मणकाकांच्या वखारीतून यायची. आबांसाठी ती थेरगावहून आणावी लागली, आणि तेवढा वेळ आबा घरात जास्त राहिले.

त्या दिवसापासून सुतारआळीने लक्ष्मणकाकांच्या वखारीत जाणे सोडले. खोट असलेले यंत्र त्यांनी धर्माजीच्या, म्हणजे आबांच्या, गळ्यात मारले आणि त्या घोराने धर्माजी गेला, असे लोक म्हणू लागले. आबा विषमज्वराने गेले हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण आळीला ते पुरेसे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही वाटत नव्हते.

ते यंत्र १९५५च्या चैत्रात आमच्याकडे आले. आबा बैलगाडीची चाके करत. चाकाची गोलाई ज्या बाकदार तुकड्यांची बनते त्यांना पुठ्ठे म्हणतात. बाभळीच्या ओंडक्यातून असा एक पुठ्ठा वाकसाने तासून काढायचा म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि एका चाकाला सहा पुठ्ठे लागतात. बन्सी होता तोवर दोघे मिळून ते करत. मग पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. बन्सी एकात लागला आणि शिफ्टचा डबा घेऊन जाऊ लागला. आबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. चार महिन्यांनी ते लक्ष्मणकाकांच्या वखारीत गेले आणि कोपऱ्यात पडलेला बँडसॉ, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचे यंत्र, त्यांनी विकत घेतला. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्यातून काकांनी तो इतर सामानाबरोबर उचलून आणला होता.

यंत्र तसे साधे होते. एकावर एक अशी दोन मोठी लोखंडी चाके, दोन्हींवरून फिरणारे पोलादी पाते, त्याच्या एका कडेला दाते, आणि मध्ये लाकूड ठेवायला मेज. चाकांच्या कडेवर लाकडी पट्ट्या जडवून त्यांवर चामडे चिकटवलेले होते, म्हणजे पाते लोखंडावर घासू नये. खाली मोटर. आळीत वीज आलेली होती. आबा दोन दिवस यंत्राभोवती फिरत होते. मग माझ्याकडे आले.

"कुसुम, तू येवढी पुस्तकं वाचतीस. ह्याचं काय पुस्तक आसंल का गं?"

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, पुण्याला राहून शिक्षिकेची परीक्षा दिली, आणि त्या दोन वर्षांत मला पुस्तकांची जी सवय लागली ती पुढे सुटली नाही. महिन्यातल्या दोन शनिवारी मी गाडीने पुण्याला जाऊन ग्रंथालयातून पुस्तके आणत असे. आबांना याचा अभिमान होता. त्यांनी माझ्याकडे पुस्तक मागितले ते तेवढे एकदाच.

मी आमच्या शाळेच्या कपाटातून सुतारकामाचे एक पुस्तक आणून दिले. हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना शिकवण्यासाठी ते लिहिलेले होते. दांड्याच्या टोकाशी हातोडी कशी धरावी, खिळा वाकू न देता कसा मारावा, पाटाला पाय कसे बसवावेत. चाळीस वर्षे चाके केलेल्या माणसाला मी ते दिले. देताना उघडूनही पाहिले नाही. आबांनी ते ओळीखाली बोट धरून चार दिवसांत पूर्ण वाचले, वर वर्तमानपत्राचे वेष्टन घातले आणि मला परत दिले.

"चांगलं हाय," ते म्हणाले, "पोरांच्या उपेगी पडंल. विंग्रजीत काय गावलं यंत्राचं, तर बघशील का?"

बघते म्हणाले. पुढच्या शनिवारी पुण्याला गेले आणि दोन जाड कादंबऱ्या घेऊन आले. चिंचवड स्टेशनवर उतरताना आबांच्या पुस्तकाची आठवण झाली. त्यापुढचा शनिवार परीक्षेच्या पेपरांत गेला. आबांनी पुन्हा विचारले नाही.

वैशाखात शाळेला सुट्टी होती. चाकांवरचे चामडे कडांना सुटले होते, म्हणून आबांनी ते काढून टाकले. त्यानंतर दोन दिवस बाहेरून रंध्याचा आवाज येत होता. चिमाजीकाका, आबांचे जोडीदार, चाक धरून फिरवत होते आणि आबा रंधा मारत होते. मी आत बसून वाचत होते. मधे एकदा चहा घेऊन गेले तेव्हा आबांचे लक्षही नव्हते. त्यांनी नवे चामडे चिकटवले, पाते चढवले आणि नारळ फोडून यंत्र चालू केले.

पाते दहाबारा फेरे टिकले. लाकूड लावले की मागे सरकायचे आणि चाकावरून उतरायचे. आबा पुन्हा चढवायचे, ताण कमीजास्त करायचे, वरचे चाक तिरके करून बघायचे. ते पुन्हा उतरायचे. एकदा तर पाते फाटकन सुटून चिमाजीकाकांच्या पायाशी पडले. आळीतली माणसे बघायला जमू लागली. कोणी म्हणाले, धर्माजी, तुझ्या चाकावर बैल चालतात, ह्या चाकावर पट्टाबी टिकंना. आबा हसले, पण ते बोलणे त्यांच्या मनात राहिले.

शेवटी त्यांनी लक्ष्मणकाकांना बोलावून घेतले, तेही दहा माणसांसमोर. तीस वर्षांची त्यांची मैत्री. आबा वखारीत जाऊन ओंडक्यांवर हात फिरवून, हा ठेवा, हा आतून किडका, असे सांगत आणि काका त्याप्रमाणे माल लावत. काका आले. त्यांनी पाते काढायला सांगितले. वरच्या चाकाच्या कडेवर तळहात ठेवून त्यांनी चाक सावकाश फिरवले. मग मध्यावरून बोट आडवे फिरवले.

"धर्माजी," ते म्हणाले, "यंत्र परत घेतो."

"म्हंजे खोट हाय हे कबूल."

काकांनी चाकावरचा हात काढून घेतला.

"न्यायचं न्हाई," आबा म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या. लक्ष्मणराव कसला माल इकत्यात ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू द्या."

काका गेले. आबांनी यंत्र दाराशी, सगळ्यांना दिसेल असे ओढून ठेवले आणि पुन्हा वाकस हातात घेतला. श्रावणात त्यांना ताप भरला. बाराव्या दिवशी ते गेले. माझ्याशी त्यांचे शेवटचे बोलणे दूध नासले का, एवढेच होते.

दिवसकार्य आटोपल्यावर मी पुण्याला गेले आणि पुस्तक शोधू लागले. का, हे मला नीट सांगता येणार नाही. ग्रंथालयात चौकशी केली, तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहून सांगितले की असली पुस्तके ते ठेवत नाहीत. पुण्याच्या लष्कर भागात जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे गेले. गोऱ्या साहेबांनी जाताना टाकून दिलेली पुस्तके तिथे ढिगाने असत: घोड्यांचे आजार, बागकाम, प्रवचने. तीन शनिवार मी ते ढीग उपसले. दुकानदार मला ओळखू लागला आणि मी आले की स्टूल पुढे करू लागला. चौथ्या शनिवारी त्याने स्वतःच एक पुस्तक काढून ठेवले होते. मुखपृष्ठ नव्हते, पहिली पाने फाटलेली होती, आत यंत्रांच्या आकृत्या होत्या. शोधायला लागले तर चार शनिवारांत पुस्तक सापडते, हे मला त्या दिवशी कळले.

इंग्रजी मला येत होते, पण ते कवितांचे आणि कादंबऱ्यांचे. एका पानाला एक संध्याकाळ लागत होती. शाळा सुटली की मी आबांच्या जागेवर, यंत्रासमोर पोत्यावर बसे आणि आकृतीतला एकेक भाग समोर शोधत असे. चिमाजीकाका पलीकडे आपले काम करत. त्यांना वाटे मी आबांच्या आठवणीने बसते.

पाते चाकावरून का उतरते याचे एक प्रकरणच होते. तिसऱ्या पानावर लिहिले होते की चाकांचा माथा, म्हणजे ज्यावरून पाते फिरते तो पृष्ठभाग, मधोमध किंचित उंच ठेवलेला असतो. त्या उंचवट्यामुळेच फिरते पाते मध्यावर येऊन टिकते. जुने यंत्र घेणारा नवखा माणूस कधी कधी समजतो की कडा झिजल्या आहेत आणि माथा सपाट करतो. तसे कदापि करू नये.

मी ते वाक्य तीनदा वाचले. मग शाळेच्या पिशवीतून फूटपट्टी काढली आणि वरच्या चाकाच्या माथ्यावर आडवी ठेवली. पट्टी सपाट बसली. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. चाक फिरवून आठ ठिकाणी ठेवून पाहिली. सगळीकडे तसेच.

चिमाजीकाकांना विचारले, वैशाखात तुम्ही दोघांनी चाकाला काय केले होते.

"माथा सारखा केला," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "कडंला झिजून मधी टेंगूळ आलं हुतं. गाडीच्या चाकाला आसं टेंगूळ ठिवलं तर लोखंडी धाव बसंल का? तुझ्या बापाचा हात बघायचा हुतास पोरी. दोन दिस रंधा मारला. बोट फिरवलं तर काच वाटावी. का गं?"

"सहज विचारलं," मी म्हणाले.

आबांनी यंत्र बिघडवले होते. हात चांगला होता म्हणूनच इतके पक्के बिघडवले होते. आणि त्याचा ठपका इतके महिने दुसऱ्या एका माणसावर होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर वखारीत गेले. लक्ष्मणकाका एकटेच बसले होते. पावसाने ओंडक्यांवर शेवाळ धरले होते; माल हलत नव्हता. मी पुस्तक उघडून ते पान त्यांना मराठीत सांगितले. ते ऐकत होते, पण ऐकून त्यांना नवल वाटले नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"चाकाला हात लावला तेव्हा समजलं. माझ्याकडे पडून होतं तेव्हा मधला उंचवटा हाताला लागायचा. कशासाठी असतो हे मलाही ठाऊक नव्हतं, पण तो होता आणि आता नाही, एवढं समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"दहा माणसं उभी होती, कुसुम. त्यांच्यादेखत धर्माजीला सांगू, रंधा मारायला चुकलास? दोनदा घरी आलो होतो, एकटा. त्यानं पाठ फिरवली. आणि माझंही आहेच. विकताना चार गोष्टी विचारून सांगायला हव्या होत्या. पण चाकं करणाऱ्याला चाक काय सांगायचं, असं वाटलं."

मी म्हणाले की आता मी सगळ्यांना सांगते. ते एकदम कडक झाले.

"काही सांगायचं नाही. मी म्हातारा झालो. वखार आज ना उद्या मुलगा मोडणारच आहे. धर्माजी गेला तो खरा म्हणून गेला. राहू दे त्याला तसाच."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिले आणि ओंडके मोजायला उठले, जे मोजण्याची काही गरज नव्हती.

घरी येईपर्यंत मला वाटत होते की त्यांचे ऐकावे. ऐकणे सोपे होते आणि आबांची बाजू घेतल्यासारखेही होते. पण आळीच्या तोंडाशी ती परतलेली गाडी मला दर वेळी दिसत असे. बन्सी शिफ्टवरून आला, जेवला, तेव्हा मी त्याला सांगितले. फूटपट्टी ठेवून दाखवली. तो पट्टीकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"मला वाटलं तू आबांसाठी पुस्तक शोधतीयास," तो म्हणाला. "तू आबांना चुकीचं ठरवायला शोधत व्हतीस व्हय?"

मी फूटपट्टी पिशवीत ठेवली.

"हेच पुस्तक चैत्रात आणलं असतंस तर?"

"तर आबांनी रंधा मारला नसता."

"मग?"

"मग माझं चुकलं, बन्सी. आबांनी मागितलं होतं. मी पोरांचं पुस्तक दिलं आणि विसरले."

हे मी तोवर कोणालाच सांगितले नव्हते. बन्सीने तोंड फिरवले. तो काय विचार करत होता ते मला कळत होते. यंत्र आले ते त्याच्या दोन हातांच्या जागी आले होते. लक्ष्मणकाकांवर ठपका होता तोवर त्याला तो विचार करावा लागत नव्हता. कुणाला सांगायचे नाही, एवढे बजावून तो निघून गेला. पुढचे चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

रविवारी सकाळी मी पाणी तापवत होते. बन्सी दारात येऊन उभा राहिला. आबांचा रंधा त्याच्या हातात होता.

"किती फुगीर?" त्याने विचारले.

"मध्यापेक्षा कडा नखाच्या जाडीइतक्या खाली. दोन्हीकडे सारख्या."

त्याने चाके उतरवली, आबांनी चिकटवलेले चामडे सोलून काढले. चिमाजीकाका आले तेव्हा तो पहिला हात मारत होता. काकांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, पुस्तकच चुकले असेल, साहेबाच्या देशात लाकूड वेगळे असते. मग बन्सीला म्हणाले की धर्माजीच्या हातच्या कामावर रंधा मारू नकोस. बन्सी थांबला नाही. काका चाक धरायला पुढे झाले नाहीत, म्हणून मी धरले. लाकडाचे पातळ काप माझ्या पायांवर पडत होते. पृष्ठभाग खरोखर काचेसारखा होता. त्यावर रंधा चालताना पहिल्यांदा घसरत होता.

दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी दुपारी बन्सीने नवे चामडे चिकटवलेली चाके परत बसवली, पाते चढवले आणि बटण दाबले. पाते किंचित डुलले, मध्यावर आले आणि तिथेच फिरत राहिले. त्याने बाभळीची फळी मेजावर ठेवली, पुठ्ठ्याची रेघ आखलेली होती, आणि लाकूड पुढे सारले. आवाजाने आळी गोळा झाली. पाते बाकदार रेघेवरून वळत गेले, भुसा उडाला, आणि पुठ्ठा निघून बन्सीच्या हातात आला. अर्ध्या दिवसाचे काम पाच मिनिटांत झाले होते.

लक्ष्मणकाकांची वखार आळीच्या कोपऱ्यावरच. तेही आले होते, पण उंबऱ्याबाहेर थांबले होते. भिमाजी सुतार यंत्राकडे बघत म्हणाला, "मंग येवढे दिस खोट काय हुती ह्याच्यात?"

कोणी बोलायच्या आत बाहेरून लक्ष्मणकाकांचा आवाज आला.

"चाक वाकडं होतं. माझ्याकडनंच तसं आलं होतं. बन्सीनं सरळ केलं."

माणसांनी वळून पाहिले. त्या बघण्यात इतक्या महिन्यांचा राग होता आणि आता त्याला कबुली मिळाली होती. काका मान खाली घालून उभे होते. बन्सी माझ्याकडे बघत होता. यंत्र चालूच होते. मी त्याला बंद करायला सांगितले. पाते थांबेपर्यंत थोडा वेळ गेला.

"यंत्रात खोट नव्हती," मी म्हणाले. वर्गात बोलते तसा आवाज निघाला. "चाकाचा माथा फुगीरच असावा लागतो. आबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी सपाट केला. लक्ष्मणकाकांना कळलं होतं, पण आबांचा मान राखायला ते गप्प राहिले. आबांचं चुकलं. आणि आबांनी माझ्याकडे पुस्तक मागितलं होतं ते मी वेळेवर आणून दिलं नाही, ते माझं चुकलं."

चिमाजीकाकांनी आपली हत्यारे पिशवीत भरली आणि माझ्याकडे न बघता ते निघून गेले. ते पुन्हा आमच्याकडे कामाला आले नाहीत. इतर माणसेही एकेक करून पांगली. लक्ष्मणकाका तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचे काही चिन्ह नव्हते. उलट ते माझ्यावर चिडले आहेत असे वाटत होते.

बन्सी उंबऱ्यापर्यंत गेला.

"काका, आत या," तो म्हणाला. आणि ते येईनात म्हणून तोच बाहेर गेला आणि भर आळीत त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

त्या आठवड्यात भिमाजीची गाडी वखारीत लाकूड आणायला गेली, मग आणखी दोघांच्या गेल्या. मला वाटले होते की तेवढ्यावर मला बरे वाटेल. गुरुवारी सकाळी नळावर गेले तेव्हा बायका बोलत होत्या. मला पाहून थांबल्या, आळीतली गोजाबाई तेवढी थांबली नाही.

"शिकल्याली पोर बाई," ती हंडा घासता घासता म्हणाली. "बापाला मेल्यावर नापास केलं."

काहीजणी हसल्या. माझा नंबर आला. मी हंडा नळाखाली लावला आणि भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. हंडा भरल्यावर तो उचलला आणि घरी आले. यंत्र चालू होते. शिफ्टला जाण्याआधी बन्सी दोन पुठ्ठे काढून ठेवत होता.